पहिली बेस गिटार : बदलायची, की आधी नीट लावून घ्यायची?



गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली की आमच्या वाद्यवृंदातल्या जुन्या लोकांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "यंदा किती गाणी बसवताय?" आणि दुसरा, कुणाच्या तरी आईकडून, जरा बाजूला घेऊन, "काका, हा म्हणतोय नवीन गिटार हवी. खरंच लागते का हो?"

गेल्या वर्षी हा प्रश्न बेस गिटारबद्दल आला. मुलाची दहावी नुकतीच झालेली. दीड वर्षापूर्वी घेतलेली आठ हजारांची बेस, आणि आता डोळा पंचवीस हजारांच्या बेसवर. आईचं म्हणणं, याचं मन उडालंय. मुलाचं म्हणणं, वाद्यच बेकार आहे. खरी गोष्ट त्याने दोन दिवसांनी सांगितली. पंधरा मिनिटं वाजवलं की बोटं दुखतात, मनगट भरून येतं, आणि आपल्या हातातच हे नाही असं त्याला वाटायला लागलं होतं. नवी बेस हा त्याचा शेवटचा प्रयत्न होता. तीही जमली नसती तर त्याने वाजवणंच सोडलं असतं.

आपल्या अनेक घरांत आता तबला-पेटीच्या शेजारी गिटार, कीबोर्ड आणि बेस आले आहेत. पालकांना पेटीचं कळतं, बेसचं कळत नाही. म्हणून त्या वेळी आम्ही जे तपासलं, ते इथे क्रमाने लिहितो.

बेस म्हणजे खर्ज

बेस गिटारला साधारणपणे चार तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. तुलनेसाठी सांगायचं तर काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे ही तार आपल्या खर्जाच्याही बरीच खाली आहे. आज दिसते तशी बेस लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली आणि तिची मूळ रचना अजून फारशी बदललेली नाही. हे पालकांनी लक्षात ठेवावं, कारण महागड्या बेसमध्ये वेगळं यंत्र नसतं. तेच यंत्र जास्त काटेकोरपणे बनवलेलं असतं.

तानपुऱ्याचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. बडोद्याच्या दरबारात गायलेले अब्दुल करीम खाँसाहेब पुढे मिरजेला स्थायिक झाले. त्या मिरजेचे तानपुरे आजही आपल्याकडच्या काही घरांत आहेत. तानपुऱ्याचा आवाज बसला तर आपण तानपुरा बदलत नाही. घोडी घासून जवारी लावून घेतो, तारा बदलतो, आणि तेच वाद्य पुन्हा बोलायला लागतं. बेसलाही अशीच एक 'जवारी' असते. तिला सेटअप म्हणतात. स्वस्त बेस कारखान्यातून येते तेव्हा हा सेटअप बहुतेक वेळा घाईत झालेला असतो, आणि शिकणाऱ्याला ते कळत नाही.

आधी तक्रार नेमकी करा

"चांगली नाही" ही तक्रार नव्हे. मुलाला किंवा मुलीला विचारा, नेमकं काय होतं? उत्तर बहुधा तीनपैकी एक असतं. वाजवायला जड जाते. सूर चुकतो. आवाज चांगला येत नाही. तिन्हींची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा.

घरी करायची तपासणी

पहिली गोष्ट तारा. बेसच्या तारा जाड असल्यामुळे क्वचितच तुटतात, त्यामुळे वर्षानुवर्षं तशाच राहतात. घाम आणि मळ वेटोळ्यांत बसला की आवाज मठ्ठ होतो आणि सूरही नीट लागत नाही. वर्ष होऊन गेलं असेल तर आधी तारा बदला. पुढच्या सगळ्या तपासण्या नव्या तारांवरच खऱ्या ठरतात.

दुसरी गोष्ट नेक, म्हणजे दांडी. एका हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर. आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली. मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट अजिबात नसेल तर तारा खरखरतात. फार मोठी असेल तर दांडीला बाक आला आहे. दांडीच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. ती ॲलन कीने फिरवून बाक कमी-जास्त करता येतो. मात्र एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्यावं, कारण जोर लावून सळई तुटली तर दुरुस्ती परवडत नाही.

तिसरी गोष्ट तारांची उंची. बाराव्या फ्रेटपाशी मिलिमीटरची पट्टी उभी धरा. जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन, असं असलं तर हात सुखाने चालतो. आमच्या त्या मुलाच्या बेसवर जाड तारेखाली साडेचार मिलिमीटर निघाले! मोठ्या माणसाचीही बोटं दुखली असती. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली छोटे स्क्रू असतात. त्यांनी उंची कमी करता येते.

चौथी गोष्ट सुरेलपणा. मोबाइलवर ट्यूनर लावा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलकं बोट टेकवून छेडा आणि बोट लगेच उचला. मग त्याच फ्रेटवर तार दाबून छेडा. दोन्ही वेळा एकच सूर यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा आधार मागे सरकवून तार लांब करायची, उतरता असेल तर पुढे. हेही स्क्रूचंच काम आहे.

पाचवी गोष्ट आवाजाची. केबल हलवली की खरखर होते? बहुधा केबलच गेलेली असते, नाहीतर जॅकचा टाका सुटलेला असतो. बटण फिरवताना खरखर होते? आत धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा भागतं. आवाजात दमच नाही? मग बेसऐवजी स्पीकरकडे पाहा. सहा-आठ इंची स्पीकर ४१ कंपनांचा खर्ज धडपणे देऊच शकत नाही. पंचवीस हजारांची बेस त्यात जोडली तरी तसाच आवाज येईल. एकदा चांगल्या हेडफोनवर ऐका. तिथे आवाज भरीव आला तर वाद्य निर्दोष आहे.

इथे एक सूचना. घरच्या म्युझिक सिस्टिमला किंवा साध्या गिटारच्या ॲम्पला बेस जोडून मोठ्याने वाजवू नका. पडदा फाटतो. आणि कार्यक्रमासाठी मोठा ॲम्प विकत घेण्याची गरज नसते. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स असतो. त्यातून बेस थेट मिक्सरला जाते.

नवी कधी घ्यावी?

काही दोष असे असतात की जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. दांडीला नुसता बाक नसून पीळ पडला असेल. ट्रस रॉड पूर्ण फिरूनही बाक जात नसेल किंवा रॉड तुटला असेल. फ्रेट इतके झिजले असतील की सगळे बदलावे लागतील. हे तिन्ही दोष दांडीचे आहेत आणि स्वस्त बेसची दांडी दुरुस्त करणं बेसच्या किमतीएवढं महाग पडू शकतं. सैल खुंट्या, खराब जॅक, झिजलेला नट हे मात्र सुटे बदलता येतात.

स्वस्त बेसमध्ये महागडे पिकअप बसवण्याचा मोह टाळावा. विकताना ते पैसे परत येत नाहीत, आणि दांडी तीच राहते.

दोष नसतानाही नवी घेण्याची रास्त कारणं असतात. लहान हातांसाठी तीस इंची लांबीची घेतली होती आणि आता मूल वाढलं, नेहमीची चौतीस इंची हवी, हे एक. किंवा मुलाला वाजवायचं आहे ते या बेसवर वाजतच नाही, हे दुसरं.

जुनी घेत असाल तर वरच्या पाच तपासण्या विकणाऱ्याच्या घरीच करा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून पाहा. नाजूक काम आहे, पण दहा मिनिटांत होतं.

बडोद्याची हवा

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. लाकूड आकसतं, मग फुगतं, आणि दांडीचा बाक बदलतो. उन्हाळ्यात बरी वाजणारी बेस गणपतीत खरखरते ती यामुळे. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, दांडी तपासून घ्यावी. बंद गाडीत वाद्य ठेवू नये. भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा स्टँडवर किंवा बॅगेत ठेवावं.

पुढे काय झालं

त्या मुलाच्या बेसला नव्या तारा आणि सेटअप मिळून बत्तीसशे रुपये लागले. साडेचार मिलिमीटरचे अडीच झाले. घरी सरावाला एक छोटा हेडफोन ॲम्प घेतला. पहिल्या दिवशी तो सलग तासभर वाजवत बसला, असं आईने फोन करून सांगितलं. गणपतीत त्याने सात गाण्यांना साथ केली. हात दुखल्याची तक्रार नव्हती.

यंदा तो पुन्हा आला. नवीन बेस हवी म्हणाला. मी विचारलं, का? तो म्हणाला, "काका, नवरात्रात गरब्याच्या ग्रुपमध्ये वाजवतोय. गाणाऱ्या ताई बरीच गाणी खालच्या पट्टीत घेतात. चौथी तार रेपर्यंत उतरवून पाहिली, तिथपर्यंत ठीक आहे. त्याच्या खाली गेलं की ती लोंबकळते. पाच तारांची हवी."

बेस आधी होती तीच होती, पण त्याचं कारण आता नेमकं होतं. मी त्याच्या आईला म्हटलं, "वहिनी, आता खुशाल घ्या." आणि जुनी विकू नका, असंही सांगितलं. तालमीला पुढचं कुणीतरी लहान मूल येईलच. त्याला लावलेली, सुरात असलेली बेस पहिल्याच दिवशी हातात मिळेल.

आपल्या घरी अशी अडगळीत पडलेली गिटार किंवा बेस असेल तर रविवारच्या तालमीला घेऊन या. पट्टी आणि ॲलन की आमच्याकडे आहे. बघून सांगू.