मोठ्या हाताची कात्री

फेब्रुवारीच्या तोंडावर मावळातल्या गुलाबांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं. मी गेले निर्यातीचे आकडे आणायला आणि अडकले एका सिकेटरपाशी, म्हणजे फुलं तोडायच्या कात्रीपाशी.

तळेगावकडच्या पॉलीहाऊसमध्ये उजाडताच तोडणी सुरू होते. कळी उमलायच्या आत पाच पानांच्या डोळ्यावर काप द्यायचा, दांडी बादलीत टाकायची, पुढची कळी धरायची. दर कापाला मूठ आवळायची. सोडली की स्प्रिंग कात्री पुन्हा सताड उघडते. मेख इथेच आहे. कात्री पूर्ण उघडली की लहान हाताची करंगळी खालच्या मुठीला पुरत नाही, सगळा भार अंगठ्यावर आणि दोन बोटांवर येतो. बायकांच्या मुठीचा जोर सरासरीने पुरुषांच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. मनगट वाकलं की तोही घटतो. दांडी पेन्सिलीएवढी. तिच्यासाठी एवढा जबडा उघडायचाच कशाला?

तिथल्या एका मावशींनी यावर उपाय काढला होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन्ही मुठींभोवती अशी बांधलेली, की कात्री निम्मीच उघडावी. "ताई, अख्खी उघडली की रातच्याला भाकरी थापवत न्हाई," त्या म्हणाल्या. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीची 6 नंबरची कात्री खास लहान हातांसाठी आहे, 7 नंबरची मूठ बोटांबरोबर फिरते. मावशींना यातलं काही ठाऊक नाही. मला त्यांची पट्टी जास्त आवडली.

संशोधन नाही असं नाही. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, भुवनेश्वरला 1996 पासून शेतकरी महिलांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठातही बायकांच्या अवजारांवर काम होतं. पण अवजार विकत कोण घेतो? मालक. तो डझनाने घेतो, स्वस्तातलं घेतो. सकाळी क्रेटमधून जी हाती येईल ती कात्री. मावशी आपली कात्री डब्याच्या पिशवीत लपवतात. पात्याला धार लावणं कुणाचंच काम नाही. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, शिवाय दांडी चेचते. डावखुरीचं तर विचारूच नका. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला 50 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, पण अर्जाला नावावर जमीन लागते. तोडणीला येणारी बाई मजूर. तिच्या नावावर कुठली जमीन?

चेचलेली दांडी पाणी नीट ओढत नाही, फूल लवकर मान टाकतं. म्हणजे नुकसान मालकाचंही आहे. पॉलीहाऊसवाल्यांनो, पुढचा डझन घेताना तोडणीच्या दोघीजणींना दुकानात बरोबर न्या. कात्री त्यांच्या हातात द्या, आणि करंगळी पोचते का ते बघूनच पैसे मोजा.