शेतजमीन घेता-देताना



ऊसबिल हाती आले की कुणी बांधालगतची जमीन घ्यायला निघतो, कुणी अडचणीपायी विकायला काढतो. व्यवहार भावकीतला असला तरी कागद पक्का हवा.

घेणाराने आधी चालू सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार पाहावेत. 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद दिसते. भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय हात घालू नये. 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. बहिणीची सही राहिली, की कोर्टाची पायरी आलीच म्हणा.

सातबारावर 80 आर, वहिवाटीत 70, असेही निघते. म्हणून सरकारी मोजणी करून घ्यावी. विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, पाइपलाइन, मोटारीचे वीज कनेक्शन, गाडीवाट हे सारे खरेदीखतात यावे. उभा ऊस कुणाचा, बिल कोण घेणार, हेही लिहावे. कारखान्याचा शेअर जमिनीबरोबर आपोआप जात नाही.

विकणाराने इसार मुदतीसह लेखी ठेवावा. पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नये. उसन्या पैशापोटी 'नावापुरते' खरेदीखत तर मुळीच करून देऊ नये. कागद विक्रीचाच बोलतो.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली म्हणजे काम संपले नाही. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव लागले, की मगच पेढे वाटावेत.