पेशीच्या दारावरचे प्रथिन

कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या पेरांवर पिवळसर गाठी आणि वय अवघे सहा-सात वर्षांचे, अशी मुले क्वचित का होईना, जगाच्या सर्व भागांत जन्मास येतात. त्या गाठी कोलेस्टेरॉलच्या असतात. या मुलांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल इतरांच्या चौपट-पाचपट असते आणि उपचार न झाल्यास पुष्कळदा विशीच्या आतच हृदयविकार त्यांना गाठतो. आपल्या घरांत हृदयविकाराचे नाव निघाले की सर्वांची दृष्टी प्रथम तुपाच्या वाटीकडे वळते. या लेकरांच्या बाबतीत तुपाचा अपराध फारसा नसतो. उणीव असते ती यकृताच्या पेशींवरील एका प्रथिनाची, आणि ती आई व वडील या दोघांकडूनही आलेली असते.

हे कोडे उलगडले ते अमेरिकेतील डॅलस येथे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन डॉक्टरांनी १९७३ च्या सुमारास अशा रुग्णांच्या त्वचेतील पेशी काचेच्या बशीत वाढविल्या. निरोगी माणसाच्या पेशींना रक्तातील कोलेस्टेरॉलवाहू कण, म्हणजे एलडीएल, चटकन चिकटत व आत ओढले जात. मग ती पेशी स्वतः कोलेस्टेरॉल तयार करणे आवरते घेई. रुग्णाच्या पेशी मात्र पुढ्यात आलेल्या कणांना ओळखच दाखवीत नसत. पेशीच्या पृष्ठभागावर त्या कणांना धरणारा कोणी असला पाहिजे व रुग्णांत नेमका तोच नाही, हे या दोघांनी ताडले. त्यालाच ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. या कार्याबद्दल १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या ग्राहीची कामाची रीत मोठी मनोवेधक आहे. तो कणाला धरून पेशीच्या आत बुडी मारतो, आतल्या आम्लयुक्त कप्प्यात त्याला सोडतो आणि रिकाम्या हाताने पुन्हा दारावर येऊन उभा राहतो. अशी एक खेप सुमारे दहा मिनिटांची; आयुष्यभरात शेकडो खेपा. त्याच्या साखळीत ८३९ अमिनो आम्ले आहेत. त्यांपैकी ७६७ पेशीबाहेर, २२ पेशीच्या पडद्यात रुतलेली आणि ५० आत.

१९८४ साली त्याचे जनुक हाती आले आणि हे प्रथिन प्रयोगशाळेत घडविण्याचा मार्ग खुला झाला. अडचण एवढीच की पडद्यात रुतणारा भाग तेलकट प्रकृतीचा. पाण्यात आणला की त्याचे गोळे होतात. म्हणून जनुकाला तेथेच कात्री लावून केवळ बाहेरच्या ७६७ अमिनो आम्लांचा संदेश ठेवतात व शेवटास हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांचे शेपूट जोडतात. इन्सुलिनसारखे लहान प्रथिन जिवाणूंकडून करवून घेता येते. या प्रथिनाला मात्र शर्करेची जोड व गंधकाचे असंख्य टाके लागतात, ते काम सस्तन प्राण्यांच्या पेशीच नीट करतात. त्यासाठी पुष्कळदा १९७३ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून सिद्ध झालेला '२९३' हा पेशीवंश वापरतात. तो संशोधकाच्या २९३ व्या प्रयोगातून हाती आला, म्हणून हे नाव! पेशींनी बाहेर सोडलेले प्रथिन निकेलच्या कणांवरून वाहू दिले की शेपटामुळे ते तेथे अडकते, बाकीचे वाहून जाते. मग थंडीत सुकवून त्याची पूड करतात. ती मायक्रोग्रॅमच्या मापाने विकली जाते आणि कुपीवर केवळ संशोधनासाठी असल्याची सूचना असते. हे औषध नव्हे.

मग तिचा उपयोग काय? २००३ साली पॅरिसमधील संशोधकांना अशी कुटुंबे आढळली की ज्यांत ग्राहीचे जनुक निर्दोष, तरी रोग तोच. तेथे पीसीएसके९ नावाचे दुसरेच प्रथिन ग्राहीला बिलगते व त्याला दारावर परतू न देता पेशीच्या भट्टीत ढकलते, असे पुढे दिसून आले. आता ग्राहीचा तुकडा बशीच्या तळाला चिकटवून त्यावर पीसीएसके९ सोडावे, सोबत एखादे प्रतिपिंड घालावे आणि त्या दोघांची मिठी सुटते का हे मोजावे, अशी परीक्षा शक्य झाली. या मिठीला अडविणारी दोन प्रतिपिंडे, अलिरोक्युमॅब व इव्होलोक्युमॅब, २०१५ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाली.

ज्या मुलांच्या पेशींवर ग्राही मुळीच नाही, त्यांना मात्र ही औषधे जवळजवळ निरुपयोगी. जो दारावर नाहीच, त्याला वाचवणार कसे? १९८४ साली पिट्सबर्ग येथे अशा एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयासोबत नवे यकृतही बसविले, तेव्हा त्या यकृताच्या ग्राहींनी तिचे कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आणले. इतरांसाठी यंत्राने रक्त गाळण्याचा उपाय आहे. आणि २०२१ साली मान्य झालेले इव्हिनाक्युमॅब ग्राहीवाचूनही कार्य करते.

एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेली माणसे पुष्कळ अधिक, सुमारे २५० ते ३०० मध्ये एक. त्यांना गाठी दिसतीलच असे नाही. हृदयविकाराचा पहिला झटका चाळिशी-पन्नाशीत येतो. अशा माणसाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात व अपत्यात तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो हुडकण्याची पहिली पायरी म्हणजे कोलेस्टेरॉलची साधी रक्ततपासणी. ती बालवयातही करता येते.