बैलघोड्याच्या दारातली दीडशे वर्षं

१८७४ साली मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. मे महिन्यात घोड्यांनी ओढायची ट्राम रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी प्राण्यांना क्रूर वागणुकीपासून वाचवण्यासाठी 'बॉम्बे एसपीसीए' ही संस्था स्थापन झाली. तेव्हाचं शहर जनावरांच्या कष्टावर चालत होतं. कापूस बैलगाडीने गिरणीत यायचा, कापड बैलगाडीनेच गोदीत जायचं आणि ट्रामसाठी शेकडो घोडे तबेल्यांत बांधलेले असायचे. जनावर लंगडलं किंवा जू घासून खांदा सोलवटला, तरी गाडीवान त्याला जुंपायचा. बैल बसून राहिला तर घरात चूल पेटत नसे. अशा माणसाला दंड करून जनावराचे हाल थांबणार नव्हते. त्याला परवडेल असा इलाज जवळपास मिळणं गरजेचं होतं.

ही गरज १८८३ मध्ये परळला भागली. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या दानातून जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि त्यांच्या पत्नी साकरबाई यांचं नाव त्याला मिळालं. पाटीवर 'बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स' असलं, तरी परळ-लालबागची माणसं त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणू लागली आणि आजही म्हणतात. इथे जनावर घेऊन येणारी माणसं जवळजवळ दीडशे वर्षांत कशी बदलली आणि स्वस्त उपचारांबद्दलचा त्यांचा अनुभव काय सांगतो, याचा हा मागोवा आहे.

मुंबईला मुक्या जीवांबद्दलची कणव त्याआधीही होती. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने रस्त्यावर उतरून विरोध केला आणि शहराचे व्यवहार बंद पाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमिचंद शहा यांनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ सुरू केला. पण पांजरपोळात गेलेलं जनावर सहसा मालकापासून कायमचं सुटत असे. म्हातारं, लुळंपांगळं जनावर तिथे आपले उरलेले दिवस काढायचं. परळच्या इस्पितळाचा हेतू निराळा होता. जनावर बरं करायचं आणि मालकाच्या हाती परत द्यायचं. त्यामुळे जनावराइतकाच त्याचा मालकही या दवाखान्याच्या कामाचा भाग झाला. काय खायला घालायचं, जखम कशी धुवायची, किती दिवस गाडीला जुंपायचं नाही, हे त्याला पटवून द्यावं लागे. कमी पैशांत चालणाऱ्या प्रत्येक प्राणी-दवाखान्याचं खरं काम आजही हेच आहे.

१८८६ मध्ये याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लष्करातले पशुवैद्य जॉन हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य होते. गाडीवानांची, टांगेवाल्यांची, तबेलेवाल्यांची जनावरं तपासत विद्यार्थी शिकू लागले. धर्मादाय दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर असतात, याबद्दल पुष्कळ मालकांच्या मनात धाकधूक असते. 'आमच्या मोतीवर हात साफ करून घेतात' असं रांगेत ऐकू येतं. याची दुसरी बाजूही पाहायला हवी. गरिबांनी विश्वासाने आपली जनावरं समोर केली, म्हणून पशुवैद्यांच्या पिढ्या तयार झाल्या आणि त्या गावोगावच्या गुरांच्या दवाखान्यांत पोहोचल्या. या शास्त्राला गाडीवानाने दिलेलं हे दान पेटिट यांच्या देणगीपेक्षा लहान नाही.

पुढे जनावरं बदलत गेली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. त्यानंतरच्या काळात मोटारी आणि लॉऱ्या वाढत गेल्या तसतसे बैल रस्त्यावरून कमी झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचा चेहराच पालटला. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा पोटापाण्यासाठी घोडा बाळगणारा मालकही जवळजवळ संपला. नावात बैल आणि घोडा राहिले. दारात मात्र कुत्री आणि मांजरं आली, दोरीच्या टोपलीत, कापडी पिशवीत, पोराच्या शाळेच्या दप्तरात, नाहीतर ओढणीत गुंडाळून छातीशी धरलेली.

या बदलात पैशांचा हिशेब मुळापासून बदलला. बैलावरचा खर्च बैल फेडत असे. तो बरा झाला की गाडी चालू लागायची, म्हणून सावकाराकडून उसने काढून केलेला इलाजही वाया जात नसे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांबरोबर राहणाऱ्या मांजरावरचा खर्च कोणीच फेडत नाही. तो निव्वळ मायेपोटी होतो. म्हणून आज स्वस्त दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाची घालमेल त्या गाडीवानापेक्षा अवघड आहे. घरकाम करणाऱ्या बाईला मुलाची फी आणि कुत्र्याचं सलाइन यांतून निवड करायची असते. 'कुत्र्यावर कसले पैसे घालवतेस?' असं घरातूनच तिला ऐकावं लागतं आणि तरीही ती येते.

अशा मालकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कळते. केसपेपर स्वस्त असला तरी उपचार स्वस्त पडतोच असं नाही. टॅक्सीवाला कुत्रं पाहिलं की पुढे निघून जातो, थांबला तर जास्त पैसे मागतो. पिल्लाला पार्व्हो झाला, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, की सलग काही दिवस सलाइन द्यावं लागतं. दवाखान्यात दाखल करायला जागा थोडी असते, म्हणून डॉक्टर सांगतात, "ताई, उद्या सकाळी परत घेऊन या." परवाही तेच. रोजंदारीवरच्या माणसाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. काही औषधं बाहेरच्या मेडिकलमधून आणायची असतात. रक्ताची तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी यांचे पैसे वेगळे. पावसाळ्यात लेप्टो आणि गोचीडताप वाढले की रांग दारापर्यंत जाते आणि नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस सरतो.

तक्रारींचा सूरही ठरलेला आहे. डॉक्टर दोन मिनिटांत उरकतात, नीट सांगत नाहीत, काल पाहिलेले आज नसतात, शेजारच्या कुत्र्याचा संसर्ग होईल अशी भीती वाटते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि संस्थांनी त्या ऐकल्या पाहिजेत. जनावर बोलत नाही, त्यामुळे निम्मं निदान मालकाच्या तोंडूनच होतं. कधीपासून जेवत नाही, लघवी होते का, काही विषारी खाल्लं का, लस कधी दिली, हे विचारायलाही वेळ नसेल तर हुशार डॉक्टरचाही अंदाज चुकतो. बोका लघवीसाठी कळा देतोय आणि मालकाला वाटतंय त्याला बद्धकोष्ठ झालंय, हा घोटाळा नेहमीचा आहे. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते. रांगेत उभ्या असलेल्यांना आधी विचारून तातडीची जनावरं पुढे घेणारा एक जाणकार माणूस दारात बसला, तर महागड्या यंत्रापेक्षा जास्त जीव वाचतील.

याच माणसांकडून कृतज्ञताही ऐकायला मिळते आणि तिच्यात कुठेही औपचारिकपणा नसतो. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर होणारी, संसर्गातून पसरणारी एक गाठ असते. तिच्यातून रक्त ठिबकतं, म्हणून लोक त्या कुत्र्याला हाकलून देतात. आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. गर्भाशयात पू झालेली कुत्री वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा घरभर हिंडू लागते. खाजगी दवाखान्याचे दर ऐकून जे लोक माघारी फिरले असते, त्यांच्या घरात ही जनावरं आज जिवंत आहेत. स्वस्त दवाखाना नसता तर त्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं, असं कोणी समजू नये. कुठेच नेलं नसतं.

१९९० च्या दशकात या दारात आणखी एक माणूस आला. कुत्र्यांना मारून त्यांची संख्या आटोक्यात येत नाही हे अनुभवाने कळल्यावर मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये तो मार्ग सोडला आणि संस्थांच्या मदतीने नसबंदी व लसीकरणाकडे वळली. २००१ मध्ये केंद्र सरकारचे त्याविषयीचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने केले गेले. त्याबरोबर गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना खाऊ घालणारी, ती जखमी झाल्यावर उचलून आणणारी माणसं दवाखान्यात दिसू लागली. केसपेपरवर मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं जातं, पण जनावर त्यांचं नसतं. आपल्या कुत्र्यासाठी सवलत मागणारा मालक आणि कोणाच्याच नसलेल्या कुत्र्यासाठी पदरचे पैसे भरणारी बाई एकाच रांगेत उभी असतात. माझ्या मते सवलतीवर पहिला हक्क या दुसऱ्या माणसाचा आहे. तिच्या खर्चाने अख्ख्या वस्तीचा रेबीजचा धोका कमी होतो.

याच दारात लोक आपली जनावरं सोडूनही जातात. म्हातारं झालेलं, आजारी पडलेलं, हौस फिटलेलं कुत्रं फाटकाशी बांधून मालक निघून जातो. पाळीव प्राणी असा टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. २०२० च्या मार्चमध्ये प्राण्यांपासून कोविड होतो अशी अफवा उठली, तेव्हा देशभर कित्येकांनी घरची जनावरं रस्त्यावर आणली. दर संक्रांतीला मांज्याने पंख कापलेले पक्षी येतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरीही येतात. शहराच्या बेपर्वाईचं ओझं प्रत्येक वेळी याच थोड्या खोल्यांवर आणि थोड्या हातांवर पडतं.

२०२४ च्या जुलैमध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं इस्पितळ सुरू झालं. सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभ्या राहिलेल्या या पाच मजली वास्तूमुळे अवघड शस्त्रक्रिया आणि तपासण्या मुंबईत होऊ लागल्या. रतन टाटांच्या ध्यासातून आलेलं हे काम मोठंच आहे. पण शहराला टोलेजंग इस्पितळाइतकीच गरज आहे ती कोपऱ्यावरच्या दवाखान्याची. शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाईगुरांचा विचार करून, ग्रामीण भागासाठी उभारले गेले. शहरातल्या गरीब माणसाचं कुत्रं-मांजर त्या व्यवस्थेत फारसं कुठे बसत नाही आणि धर्मादाय संस्थांखेरीज त्याला वाली नाही.

दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. स्वस्त उपचार कधीच स्वस्त नसतो. मालक देतो त्यापेक्षा जास्त जो खर्च होतो, तो दुसरं कोणीतरी देत असतं. १८८३ मध्ये गिरणीमालकाने तो उचलला. आज देणगी आटली की तो डॉक्टरांच्या तुटपुंज्या पगारातून, साफसफाई करणाऱ्यांच्या राबण्यातून आणि रांगेतल्या माणसाच्या वेळेतून वसूल होतो. मालकांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ डॉक्टरच्या स्वभावात कमी आणि या तुटीत जास्त आहे.

ही तूट भरून काढता येते. गोव्यात कुत्र्यांच्या घाऊक लसीकरणाला सरकारने पैसा आणि पाठबळ दिलं, आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य म्हणून जाहीर झालं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या महापालिकांनी प्रत्येक विभागात लस, नसबंदी आणि प्राथमिक उपचार देणारा एक छोटा दवाखाना चालवावा. माणसांसाठी पालिकेचे दवाखाने आहेत, तसाच हाही सार्वजनिक आरोग्याचा भाग आहे.

आणि ज्यांच्या घरी पाळीव प्राणी आहेत त्यांना विनंती. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्व्होची लस द्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता. नसबंदी करून घ्या. खाजगी डॉक्टर परवडत असेल तर स्वस्त दवाखान्यातली जागा दुसऱ्यासाठी सोडा. तिथेच गेलात तर पावतीपेक्षा थोडे जास्त पैसे दानपेटीत टाका. ते पुढच्या माणसाच्या कामी येतील.