मेल्यावर डोळे द्यावेत का?

मंडणगड तालुक्यात आंबडवे गाव आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मूळ गाव. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ घरे धम्मात आली.

पण जुनी भीती लवकर जात नाही. कोणी म्हणते, "मेल्यावर डोळे दिले, तर पुढच्या जन्मी आंधळे होऊ."

धम्म काय सांगतो? आपला देह पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचा बनला आहे. मेल्यावर हे चारही सुटे होतात. एका देहातून निघून दुसऱ्यात शिरणारा आत्मा बुद्धांनी मानला नाही. मग डोळे बरोबर नेणार कोण? ते चितेवर जळतात, नाहीतर मातीत जातात.

दहा पारमितांत दान पहिले. शिबी राजाने आपले डोळे आंधळ्याला दिले, अशी जातककथा आहे. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदानाची संस्था काढली. तेथल्या बौद्धांनी दिलेल्या डोळ्यांनी परदेशातील आंधळ्यांनाही दिसू लागले.

तिबेटातील काही बौद्ध मात्र प्राण गेल्यावर देहाला लगेच हात लावत नाहीत. म्हणून कोणावर जबरदस्ती नको. दान मनापासूनच व्हावे.

आता डोळे द्यायचे कसे, ते पाहू. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. आपल्या वाड्या डोंगरात, शहर लांब. तेव्हा नेत्रपेढीला ताबडतोब फोन करावा. पंखा बंद करावा. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा. डोके थोडे उंच ठेवावे. चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला, तरी चालते. चेहरा विद्रूप होत नाही. डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा खराब झालेल्या आंधळ्याला त्याचा उपयोग होतो.

मूत्रपिंड, यकृत यांचे तसे नाही. मेंदू कायमचा मेला, पण यंत्राने श्वास चालू आहे, अशा रुग्णाचे ते इस्पितळात घेतात. त्याआधी डॉक्टर दोनदा तपासणी करतात. १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

मरणानंतर होकार घरच्यांनीच द्यायचा असतो. रडारडीत त्यांना काय सुचणार? म्हणून आपली इच्छा आजच, जेवायला बसल्यावर, सर्वांना सांगून ठेवा.