गर्भपाताच्या आधी पेटलेला मुद्दा

अमेरिकेतले इव्हँजेलिकल ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला गर्भपातविरोध आठवतो. पण १९७१ मध्ये त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या संघटनेने, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने, चक्क ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल, तर कायद्याने गर्भपाताची मुभा द्यावी!

मग ही मंडळी राजकारणात उतरली कशामुळे? इतिहासकार रँडल बाल्मर याचं मूळ वंशभेदात शोधतात, आणि मला ते पटतं. साउथ कॅरोलिनातलं बॉब जोन्स विद्यापीठ १९७१ पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नव्हतं. पुढे दिला, तर गोऱ्या-काळ्या मुलामुलींनी जोडीने फिरायला बंदी. १९७६ मध्ये करखात्याने त्यांची करसवलत काढून घेतली आणि सरकार धर्मात ढवळाढवळ करतंय अशी ओरड सुरू झाली. पॉल वायरिकसारख्या उजव्या राजकीय संघटकांनी ही नाराजी अचूक हेरली. १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना उभी राहिली. गर्भपाताचा मुद्दा तेव्हा कुठे अग्रभागी आला. १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीत या मंडळींनी साथ दिली रेगनना, तीही स्वतः इव्हँजेलिकल असलेल्या जिमी कार्टर यांच्याविरुद्ध!

करसवलतीचा खटला बॉब जोन्स विद्यापीठ १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात ८-१ ने हरलं. जोडीने फिरण्यावरची बंदी मात्र २००० सालापर्यंत टिकली.