जुन्नरचे कागदी

पूर्वी वह्या दुकानात मिळत नसत. पुणे जिल्ह्यात जुन्नरला कागदी लोक राहायचे. अख्खं घर कागद करी. जुनी गोणपाटे चुन्यात भिजवून, कुटून लगदा करत. तो पाण्यात कालवून गाळणीवर पातळ थर उचलत, भिंतीवर वाळवत. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. पेशवाईत या जुन्नरी कागदावर लिहीत. १८८५ साली पुण्यात डेक्कन पेपर मिल कंपनी निघाली. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे कागद्यांचा धंदा बसला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली.

मी आणि ताईने घरी रद्दीचा लगदा केला. पहिलं पान फाटलं. दुसऱ्यावर शाई पसरली, कारण खळ लावायची राहिली! वाईच्या बाजारातून आणलेल्या वहीचा पाठकोरा कागद आता मी टाकत नाही.

— इयत्ता ४ थी